चिमूटभर तंबाखू

फाल्गुन निम्मा सरला नव्हता तोच उन्हानं ताळ सोडला होता. तलवाड्याच्या शिवारात दुपारी बांधावरून कुत्रंसुद्धा जात नव्हतं. माणसाचं एक बरं असतं, सावलीला बसून उन्हाला चार शिव्या तरी देता येतात. शहादेवच्या शेडमधल्या रेशमाच्या अळ्यांना तेही येत नव्हतं. त्यांना लागतो पंचवीस-सव्वीसचा गारवा आणि बाहेर पारा अडतिसाला टेकलेला. म्हणून शहादेवची बायको वनमाला रोज सकाळपासून शेडच्या जाळीवर टांगलेली पोती भिजवत बसायची. बोअरला बादली भरायची, पोत्यांवर मारायची, आणि शेवटच्या पोत्यापाशी पोचावं तोवर पहिलं खडखडीत झालेलं असायचं.

घर गावाबाहेर, रानात होतं. माणसांना पत्र्याच्या दोन खोल्या आणि अळ्यांना त्याच्या तिप्पट शेड. "आमी हितं भाड्यानं ऱ्हातो, मालक तितं ऱ्हातेत," असं शहादेव पाहुण्यांना शेडकडं बोट दाखवून सांगायचा. त्यात थट्टा थोडी आणि खरं जास्त होतं. मालकांना पाय धुतल्याशिवाय भेटता येत नव्हतं. त्यांना उदबत्तीचा धूर चालत नव्हता, अत्तर चालत नव्हतं, फवारणी करून आलेल्या माणसाचा सदरा चालत नव्हता. सगळ्यात वाईट तंबाखू. तंबाखूचं बोट लागलेला पाला अळीच्या पोटात गेला की तिचा खेळ संपला.

या एका गोष्टीपायी शहादेवच्या आईनं, बायनाबाईनं, चाळीस वर्षांची मिश्री सोडली होती. सोडली तेव्हा आठ दिवस डोक्याला फडकं बांधून पडली होती. "धनी गेले तवाबी येवढं डोकं उठलं न्हवतं," म्हणाली होती. मिश्रीची पितळी डबी मात्र तिनं टाकली नाही. नवऱ्यानं जत्रेतून आणलेली ती डबी राखेनं घासून कोनाड्यात ठेवली. आत काही नव्हतं. कधीमधी ती झाकण उघडून हुंगायची आणि परत लावून टाकायची. शेडमधल्या अळ्यांना कुणी किडे म्हटलेलं म्हातारीला खपत नसे. लेकरं म्हणायचं, असा तिचा दंडक होता.

यंदाची लेकरं नेहमीच्या कामाची नव्हती. त्याला कारण शहादेव-वनमालाची एकुलती एक पोर, ऋतुजा.

गेल्या वर्षी पौषात थंडी उतरली तेव्हा अळ्यांना ऊब म्हणून शेडमध्ये कोळशाची शेगडी ठेवली होती. ती सरकवायला बारा वर्षांची ऋतुजा वाकली आणि तिची ओढणी पेटली. डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत भाजला. बीडला दवाखान्यात सव्वा महिना काढून पोर जिवानिशी घरी आली, पण कोपराच्या आतली कातडी आखडून हात काटकोनात अडकला तो अडकलाच. मांडीची कातडी काढून लावली होती, ती निम्मी धरली, निम्मी नाही धरली. महिना-दीड महिना गेला की तिथं फाटायचं, लस यायची, वास यायचा. शाळेत ती डाव्या बाजूला भिंत येईल अशी जागा धरायची. कुणी उठवण्याआधी आपणच कोपऱ्यात बसलेलं बरं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दिवाळीनंतर बीडच्या कोष बाजारात शहादेवला राम नावाचा एक तरुण भेटला. पुण्याच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतला, चष्मेवाला, बोलताना समोरच्याचा शब्द पुरा होऊ देणारा. त्याला कोष पाहिजे होते, पण साडीसाठी नव्हे. तो घरी आला, शेड बघितलं, पाणी प्यायला आणि ओसरीवर बसून त्यानं सांगितलं.

"टाके घालायचा रेशमी दोरा तुम्ही ऐकला असेल. ते जुनं झालं. आता आम्ही रेशीम विरघळवतो आणि त्याचा पापुद्रा करतो, कांद्याच्या आतल्या सालीसारखा. जखमेवर लावला की त्याच्या आधारानं खाली नवी कातडी धरते आणि पापुद्रा हळूहळू अंगात जिरून जातो. कुणी त्याचे हाडात बसवायचे खिळे करतंय, कुणी डोळ्यासाठी पडदा करतंय, कुणी काम झाल्यावर अंगातच विरघळून जाणारी यंत्रं करतंय."

"अंगात जिरतं?" शहादेव म्हणाला. "आन् आमी इतके दिस साड्यासाटी धाडायलाव."

रामच्या अटी अवघड होत्या. अळ्यांवर चुन्याची भुकटी मारायची नाही. पाल्यावर औषध नाही. कोष वाफेवर टाकायचे नाहीत, एकेक कोष ब्लेडनं कापून आतला किडा अल्लद काढायचा. तीन घरं त्यानं निवडली होती, त्यांतलं हे एक. तो हे सांगत असताना ऋतुजा चहा घेऊन आली. उजव्या हातात ताट, डावा ओढणीखाली. राम बोलता बोलता थांबला. त्यानं चहा संपवला. मग म्हणाला, "पुण्यातल्या एका हॉस्पिटलात वीस जणांवर हा पापुद्रा लावून बघणार आहेत. मी शब्द देत नाही. नाव सुचवतो."

महिन्याभरानं त्याचा फोन आला. नाव घेतलं होतं, विसावं. शहादेवनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला होता. राम आडपडदा न ठेवता बोलला. तिन्ही घरांचे कोष चांगले निघाले तर पापुद्रा वीस जणांना पुरणार होता. एखादं घर कमी पडलं, तर नावं शेवटाकडून कमी होणार होती.

त्या दिवसापासून बायनाबाई रोज सकाळी पाय धुऊन शेडच्या दारात उभी राहायची आणि हात जोडून म्हणायची, "खावा लेकरांनो, पोटभर खावा. मपल्या नातीचं कातडं करायलाव तुमी." वनमालाला आधी हसू यायचं. मग तीही हात जोडायला लागली.

त्या मंगळवारी अळ्यांनी चौथी कात टाकून चार दिवस झाले होते. हे दिवस खादाडीचे. बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या पाल्यावर अशा तुटून पडतात की शेडमध्ये कुणी सुपानं उडीद पाखडत असल्यासारखा आवाज भरून राहतो. या दिवसांत एक वेळचा पाला चुकला तरी कोष पातळ होतो. दोन-तीन दिवसांत अळ्या विणायला चढणार होत्या, आणि त्यांना विणायच्या जाळ्या, चंद्रिका, रामच्या अटीप्रमाणे नव्या कोऱ्या पाहिजे होत्या. त्या आणायला शहादेव पहाटेच्या गाडीनं बीडला गेला होता.

तुती कापायला वनमाला, बायनाबाई आणि शेजारच्या रानातला धोंडीराम होता. सावडीनं काम चालायचं, आज त्यानं यांच्यात, उद्या यांनी त्याच्यात. ऊन चढायच्या आत पाला घरात पडला पाहिजे म्हणून हात घाईनं चालले होते. वनमालानं फांद्यांची मूठ डाव्या हातात धरली आणि विळा ओढला. विळा गाठीवरून सटकला आणि तर्जनीत हाडापर्यंत गेला.

आधी काही वाटलं नाही. मग रक्ताची धार पाल्यावर पडायला लागली आणि तिच्या डोळ्यापुढं अंधारी आली. ती मटकन खाली बसली.

"हात वर धर," बायनाबाई म्हणाली आणि धोंडीरामकडं वळली. "धोंड्या, तंबाखू काढ."

धोंडीरामनं कनवटीची पुडी सोडली. म्हातारीनं चिमूटभर तंबाखू तळहातावर चोळली, थुंकी लावून लगदा केला आणि जखमेत दाबून बसवली. आई-आज्यांच्या काळापासून रानात कापलं की हेच औषध. आग झाली तशी वनमालानं ओठ दातात धरला. म्हातारीनं पदराची पट्टी फाडून बोट आवळून बांधलं. रक्त थांबलं.

"आता ऐक," बायनाबाई म्हणाली. "आज शेडमधी पाय ठेवायचा न्हाई. उद्या फडकं सोडू, साबनानं धुऊ, मग बघू. तवर मी आन् शहादेव हाय."

"बरं," वनमाला म्हणाली.

रक्त पडलेल्या फांद्या म्हातारीनं वेगळ्या काढून बांधापलीकडं फेकल्या. बोअरवर जाऊन राखेनं दोनदा हात घासले, मग साबणानं, मग नखं काडीनं कोरली, आणि हात हुंगून बघितले. चार वर्षांनी त्या वासाशी गाठ पडली होती. तिनं तोंड फिरवलं.

अकरा वाजता ऋतुजाच्या पट्टीची वेळ होती. जखम परत उघडली होती आणि पुण्याच्या हॉस्पिटलानं सांगितलं होतं, पट्टी एकही चुकवू नका, जखमेत पू झाला तर पोरीला घेता येणार नाही. बायनाबाई नातीला घेऊन ऑटोनं तलवाड्याला गेली. जाताना बजावून गेली की पाला ओल्या पोत्याखाली झाकून ठेव, शहादेव बारापर्यंत येतोच.

बारा वाजले. साडेबाराला शहादेवचा फोन आला. ज्या टेंपोतून चंद्रिका यायच्या त्याचा टायर फुटला होता, पाचच्या आत काही तो येत नव्हता.

"माय हाय ना?" त्यानं विचारलं.

"तलवाड्याला गेल्यात."

"मग तू टाक पाला. एकला उशीर नगं व्हायला."

बोट कापल्याचं तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो काय करणार होता, तिथून उडी थोडीच मारणार होता. वनमाला शेडच्या जाळीपाशी जाऊन उभी राहिली. पाला संपला होता. नुसत्या काड्या उरल्या होत्या, आणि काड्यांवर हजारो अळ्या माना वर करून इकडून तिकडं हलवत होत्या. पाखडल्याचा आवाज बंद झाला होता. ती शांतता तिला सोसेना. धोंडीरामला हाक मारावी तर त्याच्या तोंडात बारा महिने तंबाखू, शेडच्या दहा हात अलीकडंच तो उभा राहायचा. दुसरं घर अर्ध्या कोसावर. तिकडं ओल्या पोत्याखालचा पाला कडेनं मऊ पडायला लागला होता.

तिनं फडकं सोडायला घेतलं. एक वेढा सुटताच रक्त भळकन वर आलं. तिनं परत आवळलं. मग दोन्ही हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, बोटावर प्लास्टिकची पिशवी चढवली, मुळाशी दोऱ्यानं करकचून बांधली. तंबाखू आत आहे, वर फडक्याचे चार वेढे आहेत, त्यावर पिशवी आहे. झालं की. ती पाय धुऊन आत शिरली.

उजव्या बाजूचे तिन्ही मजले तिनं भराभर उरकले. फांदी उचलायची, झटकायची, अळ्यांवर आडवी ठेवायची. पाला पडला तशा अळ्या वर चढल्या आणि आवाज परत सुरू झाला. तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की बोटाचा ठणकासुद्धा ती विसरली. डाव्या बाजूचा वरचा मजला झाला. मधल्यावर फांदी ठेवताना तिची नजर हातावर गेली. पिशवी टोकाला फाटली होती. तुतीच्या काडीनं केव्हा फाडली कुणास ठाऊक. बाहेर आलेलं फडकं ओलं होतं आणि त्याचा रंग तपकिरी झाला होता.

ती तशीच उभी राहिली. केव्हा फाटली असेल? आत्ता? की उजवीकडं दुसऱ्या मजल्याला एक फांदी अडकली होती तेव्हा? तिनं शेवटच्या सात-आठ फांद्या उचलून बाहेर टाकल्या. त्याच्या आधीच्यांवर अळ्या चढून बसल्या होत्या, पाला अर्धा खाल्ला होता. त्या उचलायच्या तर अळ्यांसकट उचलायच्या, आणि कुठवर उचलायच्या? तिनं बाहेर येऊन नवं फडकं बांधलं, जुनं चुलीत टाकलं आणि उरलेला पाला नुसत्या उजव्या हातानं टाकला. जरासं तर आहे, तिनं मनाला सांगितलं. चिमूटभर तर होती.

चारला बायनाबाई नातीला घेऊन आली. शेडमध्ये डोकावली आणि तिनं विचारलं, "पाला कोन टाकला गं?"

"मीच. ह्यांची गाडी खोळंबली. पिशवी बांधली व्हती बोटाला."

म्हातारीनं नव्या फडक्याकडं बघितलं. "फाटली तर न्हाई?"

"न्हाई," वनमाला म्हणाली.

हा एकच शब्द होता. तो तोंडातून गेला तेव्हा तिला वाटलं होतं, रात्रीतून काही झालं नाही तर तो खोटासुद्धा राहणार नाही.

सकाळी शेडचं दार शहादेवनं उघडलं आणि तो बराच वेळ बाहेर आला नाही. वनमाला गेली तर तो उजव्या बाजूच्या दुसऱ्या मजल्याशी वाकून उभा होता. अळ्या पाल्यावरून उठून कडेला आल्या होत्या. अंगाचा पुढचा भाग सुजून आखूड झालेला, मान वर करून गरगर फिरवत होत्या आणि तोंडातून हिरवं पाणी टाकत होत्या. काही मागच्या पायांवर उलट्या लोंबत होत्या. त्यानं एक तळहातावर घेतली. तिनं एकदा अंग पिळलं आणि ती सैल पडली.

"काय झालं असंल?" त्यानं विचारलं. तो बायकोला नव्हे, अळीलाच विचारत होता.

दुपारपर्यंत निम्मं शेड गेलं. शहादेवनं वारा खेळावा म्हणून पोती काढली, ताजा पाला दिला, परत पोती लावली. बायनाबाई एकेक मेलेली अळी वेचून घमेल्यात टाकत होती. तिनं काही विचारलं नाही. एकदाच तिची आणि सुनेची नजर मिळाली. वनमालाला त्या क्षणी कळलं की म्हातारीला कळलंय.

दुसऱ्या दिवशी राम आला. अळ्या बाटलीत भरल्या, भिंग लावून बघितलं, आणि ओसरीवर येऊन बसला. ऋतुजा दाराआड उभी होती.

"तपासून नक्की सांगतो," तो म्हणाला, "पण हे मी आधी पाहिलंय. हे तंबाखूनं होतं. घरात कोण खातं?"

शहादेव कधी सुपारीचं खांडसुद्धा खात नव्हता. त्याची नजर हळूहळू वर गेली आणि कोनाड्यातल्या पितळी डबीवर जाऊन थांबली.

"माय?" तो म्हणाला.

वनमालाच्या घशाशी शब्द आले होते. ती सांगणारच होती. पण समोर राम होता, त्याच्या हातात पोरीचं नाव होतं, आणि दाराआड पोर होती. तुझं कातडं दुसऱ्यांदा जळलं ते माझ्यामुळं, हे त्या पोरीच्या समोर कसं म्हणायचं? तिनं श्वास घेतला, आणि तेवढ्यात म्हातारी बोलली.

"मी लावली मिश्री. दाढ ठनकायली व्हती सोमवारपासून. येक बोट लावली. हात धुतले व्हते, पर ऱ्हायलं असंल नखात."

शहादेव आईकडं बघत राहिला. चाळीस वर्षांत त्यानं आईला अगंतुगं केलं होतं, पण आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. "चार वर्सं सोडली व्हतीस ना," एवढंच म्हणाला.

"सोडली व्हती," बायनाबाई म्हणाली.

"ज्या जगल्यात त्यांचं काय करायचं?" शहादेवनं रामला विचारलं.

"त्या विणतील. कोष बाजारात द्या, कुणाला कळणारही नाही. साडीला चालतील." त्यानं अळ्यांची बाटली पिशवीत ठेवली. "जखमेला नाही. थोडा जरी अंश राहिला तरी मी धोका घेऊ शकत नाही."

"आन् नाव?"

"बोलून बघतो," राम म्हणाला. त्यानं चहाची कपबशी इतक्या हळू खाली ठेवली की सगळ्यांना उत्तर कळलं.

तो गेल्यावर शहादेवनं बांधाच्या कडेला खड्डा घेतला. घमेल्यामागून घमेलं त्यात रिकामं केलं, वरून चुना टाकला. मग घरात गेला, कोनाड्यातली डबी आणली आणि खड्ड्यात भिरकावली. दगडावर आपटून तिचं झाकण उघडलं. आतून ती लख्ख होती, तळाशी राखेनं घासल्याचे ओरखडे दिसत होते. शहादेवनं तिकडं बघितलं नाही, तो माती ओढत होता. वनमालानं बघितलं. पाठीमागं म्हातारी उभी होती. तिनं पदर डोळ्याला लावला. वनमालाला माहीत होतं, ते रडं अळ्यांचं नव्हतं, त्या डबीचं होतं.

आता सांगू, असं ती त्या दिवशी तीनदा ठरवून बसली. जेवताना सांगू. त्याचा राग उतरला की सांगू. राग उतरला असता तर सांगायला काही अडचण नव्हती, पण शहादेवला राग आलाच नव्हता. तो फक्त आईच्या हातचं पाणी घेईनासा झाला. तांब्या तिनं पुढं केला की म्हणायचा, "ठेव तितं." मग उठून दुसरा भरून घ्यायचा.

आणि एका सकाळी आजी केस विंचरत असताना ऋतुजानं विचारलं, "आज्जे, तू कावून लावलीस गं मिश्री?"

कंगवा थांबला. "चुकलं माय," बायनाबाई म्हणाली. "म्हातारी झाले, चुकलं."

पोरीनं उजव्या हातानं कंगवा काढून घेतला आणि एका हातानं जमेल तशी वेणी घालायला लागली. वनमाला चुलीपाशी होती. भाकरी तव्यावर करपून गेली तरी तिला वास आला नाही.

उरलेल्या अळ्या चंद्रिकांवर चढल्या आणि त्यांनी विणलं. पाचव्या दिवशी वनमाला कोष काढायला बसली. पांढरे, टणक, एकसारखे कोष. ती एकेक हातात घेऊन वळवून बघत होती. कुठल्यात आहे आणि कुठल्यात नाही, कळायला काही मार्ग नव्हता. ब्लेडची पाकिटं तशीच कोरी पडली होती. शहादेवनं कोष पोत्यात भरून बीडला नेले. बाजारात लोकांनी माल चांगला म्हणून नावाजला, असं तो आल्यावर म्हणाला. त्याला ते सांगताना लाज वाटत होती.

पाडवा झाल्यावर रामचा फोन आला. यादी सोळावर थांबली होती. पुढचा टप्पा कधी होईल ते त्याला ठाऊक नव्हतं, दीड वर्ष, दोन वर्षं. तोवर पट्ट्या चालू ठेवा, म्हणाला. शहादेवनं या वेळी फोन कानालाच धरला होता, पण ऋतुजानं त्याच्या तोंडाकडं बघून ओळखलं. ती उठली, दप्तर घेतलं, डावा हात ओढणीखाली घातला आणि शाळेला गेली.

त्याच आठवड्यात बायनाबाईनं गाठोडं बांधलं. "मनिषाकडं जाते दिंद्रुडला," ती म्हणाली. "लई दिस झाले, लेक बलवायली." लेकीनं बोलावलं नव्हतं. मनिषाचा फोन वनमालाच्याच फोनवर यायचा. शहादेव ओसरीवर दोरी वळत होता. राहा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. दोरी वळत राहिला.

फाट्यापर्यंत सोडायला वनमाला आणि ऋतुजा गेल्या. लिंबाखाली तिघी एस.टी.ची वाट बघत थांबल्या. ऋतुजा पाण्याची बाटली भरून आणायला टपरीकडं गेली, तेव्हा वनमालानं सासूचा हात धरला.

"आत्या, नगा जाऊ. मी सांगते ह्यांना. आज सांगते."

"काय सांगती?"

"समदं. मीच..."

"गप," म्हातारी म्हणाली. रागावून नव्हे, लहान पोराला म्हणावं तसं. "तुला हितं ऱ्हायाचं हाय. पोरीची पट्टी तुला बदलायची हाय. त्या हातानं बदलायची तर पोरीनं तुपल्याकडं हात द्याया पायजे का न्हाई? मपलं काय, मी पिकलं पान."

वनमालाला रडू आवरेना. पण खोटं कशाला, त्या रडण्यात सुटल्यासारखंही काही होतं, आणि ते तिचं तिला कळत होतं. त्याचीच तिला सगळ्यात जास्त किळस आली.

बायनाबाईनं तिचा डावा हात वर घेतला. तर्जनी उन्हात धरली, अंगठ्यानं दाबून बघितली, पुढून बघितली, मागून बघितली.

"भरलं की गं," ती म्हणाली. "तंबाखूनं जखम लवकर भरती."

गाडी आली. म्हातारी गाठोडं सांभाळत चढली आणि खिडकीपाशी बसली. ऋतुजा धावत आली, बाटली आत दिली, आणि गाडी हलली तेव्हा तिनं हात वर केला. उजव्या हातात बाटलीचं झाकण राहून गेलं होतं म्हणून डावा केला. तो कोपरात अडकून खांद्याच्या वर गेला नाही. ओढणी सरकली, पट्टीवर पिवळा डाग उमटलेला दिसला. खिडकीतून म्हातारी तो हात दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

"मम्मी," ऋतुजा म्हणाली, "आज्जीला म्हनावं, मी रागात न्हाई आता. ती कवा येईल?"

वनमालानं पोरीची ओढणी नीट केली. तिच्या स्वतःच्या बोटावर जखमेची नुसती एक बारीक रेघ उरली होती, आणि बोट सरळ होत होतं.